पट्टीखालचा रंग

१

पट्टी चोरीला गेली होती, आणि चोराने तिचे दोन्ही स्क्रू परत जागच्या जागी आवळून ठेवले होते.

व्हर्ना टटलला पट्टी गेल्याचं फारसं नवल वाटलं नाही, त्या स्क्रूंचं मात्र वाटलं. विमा कंपनीसाठी चेपलेल्या, जळालेल्या, तळ्यातून वर काढलेल्या गाड्या तपासण्यात तिचा जन्म गेला होता. आता ती निवृत्त होती, गुडघे कुरकुरत होते, आणि तरीही दर ऑगस्टला ब्रॅडन गावच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांची मुख्य परीक्षक म्हणून तिला उन्हातान्हात फिरावं लागायचं. चोर तिने खंडीभर पाहिले होते. चोराला घाई असते, तो स्क्रू गवतात टाकतो. परत लावणारा तिने पाहिला नव्हता.

गाडी १९७० ची बाराकुडा होती, सोललेल्या संत्र्याच्या रंगाची. गावाच्या माहितीप्रमाणे ड्वेन हॅस्केलने ती कोरी घेतली होती आणि गेल्या हिवाळ्यात ड्वेन वारला तेव्हाही ती तशीच लखलखत होती. त्याची बायको लॉरेन बॉनेटपाशी हातात फडकं घेऊन उभी होती. ते फडकं ती मघापासून पिळत होती, आणि त्यात पाण्याचा थेंब नव्हता.

"ती पट्टी असेल तरच वस्तुसंग्रहालय गाडी घेणार आहे," ती म्हणाली. "पट्टी वाचायची, गाडी अस्सल आहे असं तू लिहून द्यायचंस, मग डेट्रॉइटमध्ये गाडीपुढे ड्वेनच्या नावाची पाटी लागणार. एवढी एकच गोष्ट करायची राहिली होती त्याच्यासाठी, व्हर्ना."

पट्टी तशी तळहातात मावेल एवढीच. बॉनेट उघडलं की डाव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला दोन स्क्रूंनी बसवलेली. तिच्यावर कारखान्यात ठोकलेली अक्षरं आणि आकडे: इंजिन कुठलं, गिअर कुठला, रंग कुठला, गाडीचा नंबर काय. गाडीची जन्मपत्रिकाच म्हणा ना, फक्त खालच्या ओळीपासून वर वाचत जायची.

"कोणी नेली ते मला माहीत आहे," लॉरेन म्हणाली. "एमेटने."

"एमेट सोब्झाकने? ज्याने ड्वेनला खांदा दिला त्याने?"

"त्यानेच. मी सकाळी चर्चच्या बायकांबरोबर ॲपल-पायची टेबलं मांडायला गेले. परत आले तर हा बॉनेटमध्ये वाकलेला. मला बघून दचकला. स्क्रूड्रायव्हर तर कायम शर्टाच्या खिशातच. मी तोंडावर विचारलं, तर हो नाही की नाही नाही. मूग गिळून बसलाय. त्याच्या शेडमध्ये अशाच गाडीचा बिनपट्टीचा सांगाडा पडलाय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. बक्षिसं वाटायच्या आत पट्टी मिळाली नाही तर मी शेरीफच्या पोलिसाला सांगणार. तो काय, तिथेच सॉसेज खातोय."

"खाऊ दे त्याला पोटभर," व्हर्ना म्हणाली. "तोपर्यंत मी बघते."

ती वाकली. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. इंजिनभोवतीचा सगळा पत्रा नारिंगी होता. पण पट्टी जिथे बसलेली असायची तिथला, पट्टीच्याच आकाराचा, एक चौकोनी तुकडा नारिंगी नव्हता.

तो गडद निळा होता.

व्हर्नाने लॉरेनला दिसायच्या आत बॉनेट खाली ओढलं.

२

जेराल्ड प्रुइट ट्रकच्या मागच्या फळीवर जुने भाग मांडून विकायचा: हबकॅप, दारांच्या कड्या, आणि कोणी विचारलंच तर सुट्या पट्ट्याही. त्याच्याबद्दल गावात बोललं जायचं की हा माणूस आधी पट्टी घेतो, मग तिला शोभेल अशी गाडी उभी करतो.

"या, परीक्षकबाई," तो म्हणाला. "चोरी झाली की पहिली पायधूळ माझ्याकडेच झाडायची ना?"

"तुझं दुकान वाटेवरच पडतं, जेराल्ड."

"मग ऐका. मी चोरली असती तर नुसती पट्टी नेऊन काय तिची पूजा करू? डॅशबोर्डवरची नंबराची प्लेट सोबत हवी ना. दोन्ही नंबर जुळले तर गाडी. एकटी पट्टी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. प्लेटीला कोणी हात तरी लावलाय का?"

"नाही."

"बघा. आणि एमेटच्या सांगाड्याचा नंबरही वेगळा. त्याला ती पट्टी लावली तर एखादं शेंबडं पोरही पकडेल. त्या एमेटला एवढी अक्कल नाही म्हणता?"

व्हर्नाच्याही मनात हेच घोळत होतं. ज्याला पट्टी हवी त्याच्या ती उपयोगाची नाही. म्हणजे नेणाऱ्याला पट्टी हवी नव्हती, ती फक्त इथे नको होती. आज ती वाचणार कोण होतं? ती स्वतःच.

"एक सांग. पट्टीखालचा पत्रा कुठल्या रंगाचा असतो?"

"तुम्ही मला विचारता?" जेराल्डला भलतंच बरं वाटलं. "गाडीच्याच रंगाचा. कारखान्याच्या रंगखात्यात पोरं पट्टी बोटाने वर वाकवायची, फवारा खालीसुद्धा जावा म्हणून. शेवटी पुन्हा दाबून चपटी. म्हणून तर अस्सल पट्टीला आडवी घडी असते. घरी रंग मारणाऱ्याला हे काय माहीत? तो पट्टीवरूनच फासतो. एमेटलाच विचारा की, सैन्यात जायच्या आधी तो तिथेच होता. स्वतःची गाडी त्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती."

"ड्वेनची पट्टी तू कधी वाचली होतीस?"

"कोणीच नाही. नारिंगी रंगाचा हा एवढा थर. मी दरवर्षी म्हणायचो, ड्वेन, खरवडू दे रे. तो म्हणायचा, राहू दे, नंबर जातील. स्पर्धेतही कधी उतरला नाही. नुसती आणून उभी करायचा, आणि ॲपल-पाय खात बसायचा."

"मग आज मी काय वाचणार होते?"

"काल रॉडनीने रंग काढला ना. औषध लावून, पार पत्र्यापर्यंत. पट्टी चकचकीत झाली, आणि आज बघा, गायब."

३

रॉडनी, ड्वेनचा धाकटा भाऊ, भाजलेल्या मक्याच्या टपरीपाशी सापडला. त्याला गाडी ओहायोतल्या एका शौकिनाला विकायची होती आणि लॉरेनला ती दान करायची होती. उन्हाळाभर दिराभावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य चाललं होतं.

"मी कशाला नेऊ?" मक्यातून तोंड वर काढत तो म्हणाला. "पट्टी गेली की गाडीची किंमत धाडकन खाली. आपल्याच पायावर कोण कुऱ्हाड मारून घेईल? लॉरेन म्हणाली, परीक्षेला बसवायची आहे, पट्टी साफ कर. केली."

"वाचलीस?"

"मला काय कळतंय त्यातलं? आकडेच आकडे. एमेट आला होता तेव्हा शेजारी. त्याने बघितली."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार! एमेट कधी काही म्हणतो का? अंगठा फिरवला पट्टीवरून आणि निघून गेला. त्याची जुनी खोड आहे ती. बॉनेट उघडलं की ह्याचा अंगठा गेलाच तिथे. मी चिडवायचो, अरे मांजर आहे का ती, कुरवाळतोस काय! एमेट हसायचा." रॉडनी थांबला. "ड्वेन नाही हसायचा. तो बॉनेटच लावून टाकायचा."

व्हर्नाने एक मका घेतला. गुडघ्यांना आराम म्हणून ती बाकावर टेकली. माणसाला बोलतं करायचं तर आपलं तोंड भरलेलं असावं, हा तिचा धंद्यातला जुना धडा होता.

"गाडीला अपघात कधी झाला नाही ना? मला लिहावं लागेल."

"एकदा झालाय. पण लिहू नका. लिहिण्यासारखं काही राहिलंच नाही. बहात्तरची गोष्ट, लग्नाच्या थोडं आधीची. बर्फावरून घसरून ड्वेनने ती ओकच्या झाडावर घातली. कपाळाला टाके. मी शाळकरी पोर, बघायला गेलो होतो. पुढचा भाग म्हणजे नुसता चुरा! इंजिन जवळजवळ मांडीवर आलेलं. आणि लग्नाला पठ्ठ्या त्याच गाडीतून आला. एक ओरखडा नाही! मला वाटतं आठवडाभर झोपला नसेल. काय हात होता भावाचा!"

त्याचे डोळे पाणावले. व्हर्नाने त्याला मक्याबरोबरचा कागदी रुमाल दिला.

"एकट्याने केलं सगळं?"

"एकट्यानेच. एमेट असता तर धावून आला असता, पण तो सैन्यात. वाईटच हिवाळा होता तो. एमेटची गाडीही तेव्हाच चोरीला गेली ना, त्याच्या आईच्या कोठारातून. अगदी आमच्या गाडीची जुळी बहीण. दोघांनी एकाच महिन्यात घेतल्या होत्या."

"जुळी? म्हणजे तीही नारिंगी?"

"छे छे. एमेटची निळी."

व्हर्नाने अर्धा मका खाली ठेवला.

४

ती आधी गाडीकडे गेली. बॉनेट उघडून पुढच्या भागाचे सांधे तिने एकेक करून बघितले. कारखान्यातल्या वेल्डिंगचे ठिपके ओळीने, जसे पडायचे तसे पडलेले होते. कुठे ठोकलेलं नाही, कुठे जोडलेलं नाही. ओकवर आपटलेल्या शेकडो गाड्या तिने पाहिल्या होत्या. ह्या गाडीने झाड फक्त लांबून पाहिलं होतं.

एमेट मैदानाच्या कडेला, आपल्या जुनाट स्टेशन वॅगनच्या सावलीत, घडीच्या खुर्चीवर बसला होता. शेजारी थर्मास. पन्नाशीचा, लांबोडक्या चेहऱ्याचा माणूस. त्याने दुसरी खुर्ची उघडून तिच्यापुढे सरकवली.

"कॉफी?"

"दे. एमेट, स्क्रू परत का लावलेस?"

त्याने कॉफी ओतली.

"सकाळपासून मला तेच छळतंय. पट्टी काढल्यावर दोन भोकं उघडी राहतात. उघड्या भोकांत दमटपणा जातो, पत्रा गंजतो. गंजाची काळजी कोण करतं? चोर नाही करत. मालक करतो."

एमेटने थर्मासचं झाकण हळूहळू फिरवून लावलं.

"पट्टीखाली निळा रंग आहे," व्हर्ना म्हणाली. "गाडी नारिंगी जन्मली असती तर तिथेही नारिंगी असता. आणि जी गाडी झाडावर आपटून चुरा झाली, तिचे सांधे कोरे आहेत. माझं डोकं म्हातारं झालंय, पण एवढी बेरीज जमते. रेडिएटरवरच्या आडव्या पत्र्यावरही गाडीचा मूळ नंबर ठोकलेला असतो, रंगाखाली. माझ्याकडे चाकू आहे. खरवडू?"

"नको, व्हर्ना."

"मग तू सांग."

त्याने खुर्ची समोरच्या गाड्यांकडे वळवली.

"माझी गाडी माझ्यासमोर आली होती, कारखान्यात," तो म्हणाला. "पट्टी मीच वाकवली. आपली गाडी म्हणून हात थरथरला आणि घडी तिरकी पडली. सैन्यात असतानाच आईचं पत्र आलं, गाडी चोरीला गेली. परत आलो तेव्हा ड्वेन मला न्यायला आला होता, ह्याच गाडीतून. वाटेत पाणी घालायला त्याने बॉनेट उघडलं, मी सहज तिथे हात ठेवला. रंगाचा थर होता वर, पण घडी लागली हाताला. तिरकी."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? गाड्या कारखान्यातून रोज ढिगाने निघायच्या. मित्र मला एकच होता."

"एवढी वर्षं!"

"पहिली दोनतीन जड गेली. खोटं कशाला बोलू, त्याच्या तोंडावर ठोसा मारावासा वाटायचा. मग माझी बायको हलिना आजारी पडली. मी रात्रपाळीला, तिला आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यायचं. ड्वेन न्यायचा. भर जानेवारीत, बर्फ वितळायला मीठ टाकलेल्या रस्त्यावरून, त्या गाडीतून. घरी ट्रक असताना! लोक वेड्यात काढायचे त्याला, खालचा पत्रा सडला तिचा. पण हलिनाला मी पहिल्यांदा फिरायला नेलं होतं ते त्याच गाडीतून, ती निळी असताना. तिला ती सीट आवडायची. ड्वेनला ते माहीत होतं." एमेट किंचित हसला. "तेव्हा मला कळलं, की मला कळलंय हे त्याला कळलंय."

व्हर्नाची कॉफी निवाली होती. तिने ती तशीच प्यायली.

"मग बोलला का कधी?"

"शेवटी, इस्पितळात. म्हणाला, एमेट, त्या गाडीचं... मी म्हटलं, हो रे, कार्बोरेटर साफ करायला झालाय, मी बघतो. त्याने डोळे मिटले. काल रॉडनीने पट्टी उघडी केली. आज तू वाचणार, भोंग्यावरून सांगणार. म्हणून काढली."

"लॉरेन तुला चोर म्हणतेय. शेरीफचा माणूस बोलवायला निघालीय."

"म्हणू दे. मी काय, जिवंत आहे, सोसेन. ड्वेनला नको म्हणायला."

"ड्वेनला काय नको म्हणायला?"

लॉरेन वॅगनच्या मागे उभी होती.

५

एमेट उठून उभा राहिला. "काही नाही, लॉरेन. पट्टी मीच नेली. सांग शेरीफला."

"गप्प बस, एमेट," व्हर्ना म्हणाली. तिने लॉरेनला आपल्या खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं: निळा चौकोन, कोरे सांधे, ओकचं झाड, कोठारातून गेलेली गाडी. ड्वेनने मोडक्या गाडीची नंबराची प्लेट ह्या गाडीच्या डॅशबोर्डवर बसवली, वरून नारिंगी रंग मारला. मडगार्डवरच्या पट्टीकडे त्या काळी कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. गोड बोलून सांगता येईल अशी ती गोष्ट नव्हती, म्हणून व्हर्नाने ती सरळ सांगितली.

लॉरेन रडली नाही. फडकं तेवढं मांडीवर पसरून ती हाताने साफ करत बसली.

"माझे बाबा," ती शेवटी म्हणाली. "ड्वेनचा अपघात त्यांच्या कानावर आला तेव्हा ते म्हणाले, ज्याला गाडी सांभाळता येत नाही तो माझी मुलगी काय सांभाळणार? लग्न मोडतो म्हणाले. ड्वेन म्हणाला, काही झालेलं नाही, नुसता दिवा फुटलाय, रविवारी आणून दाखवतो. आणि आणली. बाबांनी भोवती फिरून बघितली, आणि त्याच्याशी हात मिळवला." तिने वर बघितलं. "माझ्यासाठी चोरली होती तर. लग्नाला मी तुझ्या गाडीतून गेले, एमेट."

"शोभत होतीस."

"तू कुठे होतास बघायला!"

"तू फोटो पाठवला होतास."

आता मात्र तिला रडू आलं. राग होता, लाज होती, आणि ज्याच्यावर रागवायचं तो हाताशी नव्हता. बायकांच्या रडण्यात घाई करू नये, एवढं एमेटलाही कळत होतं.

"दोन मिनिटांचं काम होतं," डोळे पुसत ती म्हणाली. "एक स्क्रूड्रायव्हर. पट्टी काढून तळ्यात फेकली असती तर कोणाला कधी कळलं नसतं. का नाही फेकली त्याने?"

"माझी होती ना," एमेट म्हणाला. "हात धजला नसेल."

"कुठे आहे?"

त्याने शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. लॉरेनने ती उघडली. चकचकीत पत्रा, त्यावर तिरकी घडी.

"वाच."

एमेटने चष्मा शोधला नाही. डोळे मिटून अंगठा खालच्या ओळीवर ठेवला आणि इंजिन, गिअर, नंबर असं म्हणत वर सरकला. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला अंगठा थांबला.

"ई, बी, पाच," तो म्हणाला. "निळा."

भोंग्यावर बक्षिसांची घोषणा सुरू झाली. रॉडनी घाईघाईने येताना दिसला, त्याच्या मागोमाग शेरीफचा माणूस, मिशीला मोहरीचा सॉस लागलेला. रॉडनी धापा टाकत म्हणाला, "लॉरेन, ओहायोवाल्याचा फोन आला होता. पट्टी मिळाली तर आजच्या आज..."

"त्याला सांग, ती गाडी विकायला आपली नाही. दान द्यायलाही नाही."

"म्हणजे?"

"घरी जाऊन सांगते. तुलाच काय, सगळ्यांना सांगते. ड्वेनच्या नावाचं काय करायचं ते मी बघेन, ते माझं काम आहे. त्यासाठी दुसऱ्या कोणी चोर व्हायला नको." तिने पर्समधून किल्ल्या काढल्या आणि एमेटच्या हातात ठेवल्या. तो नको म्हणणार हे ओळखून तिने त्याची मूठच मिटली. "आधी ती पट्टी लाव. मग मला घरी सोड. ॲपल-पायच्या बश्या आहेत बरोबर, हळू चालव."

शेरीफच्या माणसाने खिशातून वही काढली होती. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "बाई, तुमची पट्टी चोरीला गेली म्हणे?"

लॉरेनने त्याच्याकडे बघितलं.

"चोरीला नाही गेली," ती म्हणाली. "ज्याची होती त्याच्याकडे होती."